वाचकांचे प्रश्न : उसाच्या मळ्यांतून ताटात आलेले हवाईचे दुपारचे जेवण

गेल्या अंकात स्थलांतरित मजुरांच्या खाण्यापिण्याविषयीचे एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात हवाई बेटांवरील ‘प्लेट लंच’चा, म्हणजे दोन मुदी भात, मॅकरोनीचे सॅलड आणि मांसाचा एखादा पदार्थ अशा दुपारच्या जेवणाचा, ओझरता उल्लेख होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न (ठाणे येथील एक वाचिका) : माझी भाची होनोलुलूला शिकते. तिने पाठवलेल्या छायाचित्रात कागदी ताटलीत भाताच्या दोन मुदी, बाजूला मेयॉनेझमध्ये कालवलेली मॅकरोनी आणि ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेली कोंबडी दिसते. भात आशियाई, तळण्याची पद्धत जपानी, मॅकरोनी इटलीची. मग यात हवाईचे ते काय?

उत्तर : यातला एकही मुख्य पदार्थ मूळचा हवाईचा नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. हे सगळे एका ताटलीत मात्र हवाईतच आले, आणि ते साखरेमुळे आले.

कौआई बेटावर कोलोआ येथे १८३५ साली पहिला व्यापारी ऊसमळा उभा राहिला. ऊस लावायला जमीन मिळाली, पण तोडायला माणसे पुरेनात, कारण परकीयांबरोबर आलेल्या रोगांच्या साथींनी मूळ हवाईयन समाज झपाट्याने घटत चालला होता. १८७२ च्या जनगणनेत साऱ्या बेटांची मिळून लोकसंख्या सुमारे सत्तावन्न हजार भरली. त्याआधीच, १८५२ मध्ये, कराराने बांधलेल्या चिनी मजुरांची पहिली मोठी तुकडी जहाजातून उतरली होती. १८७५ साली अमेरिकेशी झालेल्या करारामुळे हवाईच्या साखरेला तिथली बाजारपेठ जकातीविना खुली झाली, मळे पसरले आणि मळेवाल्यांना मजुरांची भूक लागली. १८७८ पासून मदैरा आणि अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज कुटुंबे आली. १८८५ पासून जपानी सरकारच्या संमतीने जपानी मजूर हजारोंनी येऊ लागले. १९०० मध्ये ओकिनावातून आणि पोर्तो रिकोतून, १९०३ मध्ये कोरियातून आणि १९०६ पासून फिलिपिन्समधून माणसे आली.

या यादीकडे खाण्याच्या दृष्टीने पाहिले, तर पोर्तुगीज वगळता बहुतेक सगळे भात खाणारे होते. चिनी मजुरांपैकी अनेकांनी कराराची मुदत संपल्यावर मळा सोडला, अळूची ओस पडलेली पाणथळ खाचरे खंडाने घेतली आणि त्यांत भात लावला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भात हे उसाखालोखालचे पीक होते. पुढे कॅलिफोर्नियाच्या स्वस्त तांदळापुढे ही शेती टिकली नाही, पण तोवर भात साऱ्या बेटांचे रोजचे अन्न झाला होता. ज्यांची भाषा, देव आणि सण वेगळे होते, त्या सर्वांच्या जेवणाचा पाया मात्र एकच होता, आणि त्यावर तोंडी लावायला प्रत्येकाकडे आपापले काहीतरी होते. भाचीच्या ताटलीतल्या दोन मुदींचा उगम या व्यवस्थेत आहे.

आज आपण पाहता ती मांडणी मात्र मळ्यावरची नसून शहरातली आहे. १९३० च्या दशकापर्यंत होनोलुलूच्या गोदीजवळ, अननसाच्या डबाबंद कारखान्यांपाशी आणि बांधकामांवर जेवणाच्या गाड्या उभ्या राहू लागल्या होत्या. मळा सोडून शहरात आलेल्या मजुराला आणि त्याच्या मुलांना थोड्या पैशांत, थोड्या वेळात, पोटभर आणि गरम जेवण हवे असे. गाडीवाल्याने भात, कालवणासह एखादा मांसाचा पदार्थ आणि एक थंड सॅलड एकाच ताटलीत घालून दिले. पुढे गाड्यांच्या जागी छोटी उपाहारगृहे आली. त्यांपैकी होनोलुलूच्या कापाहुलू भागातले ‘रेनबो ड्राइव्ह-इन’ १९६१ साली सुरू झाले आणि ते अजून चालू आहे. त्याचे संस्थापक सेइजू इफुकू दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या शंभराव्या पायदळ बटालियनमध्ये, म्हणजे मुख्यतः हवाईच्या जपानी वंशाच्या तरुणांच्या पलटणीत, स्वयंपाकी होते. हवाईतील अशा उपाहारगृहांत जपानी आणि विशेषतः ओकिनावी कुटुंबांचा वाटा फार मोठा होता, आणि ताटलीला आलेली जपानी चव मुख्यतः त्यांच्यामुळे आली असे मला वाटते.

प्रश्न (कोल्हापूर जिल्ह्यातील एक वाचक) : एका प्रवासविषयक कार्यक्रमात सांगितले गेले, की दुपारी निरनिराळ्या देशांचे मजूर मळ्यात एकत्र बसत, डबे उघडून एकमेकांचे चाखत आणि त्या देवाणघेवाणीतून हे ताट जन्मले. मी साखर कारखान्याच्या परिसरात वाढलो आहे. ऊसतोडीचे काम आणि मुकादमी जवळून पाहिलेली असल्यामुळे मला ही कथा जरा अधिकच गोड वाटते. ती कितपत खरी आहे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कथा खोटी नाही, पण तिच्यातून मळाच गाळलेला आहे.

मळेवाल्यांनी निरनिराळ्या देशांतून माणसे आणली ती काही विविधतेच्या हौसेने नव्हे. एकाच देशाचे मजूर संख्येने वाढले की ते संघटित होतात आणि वेतन वाढवून मागतात, म्हणून दुसऱ्या देशाचे मजूर आणून त्यांचा जोर मोडावा, हे धोरण उघडपणे आखलेले होते. राहण्याच्या वस्त्याही तशाच विभागलेल्या असत : जपानी वस्ती, पोर्तुगीज वस्ती, फिलिपिनो वस्ती. १८५० च्या मालक-नोकर कायद्यानुसार करार मोडून पळणाऱ्या मजुराला पकडून परत कामावर आणता येई आणि तुरुंगातही टाकता येई. हवाई अमेरिकेच्या ताब्यात गेल्यावर, १९०० साली, ही करारबद्ध मजुरी बेकायदा ठरली. त्यानंतरही प्रत्येक मजुराच्या गळ्यात वा पट्ट्याला क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला असे. वेतन घेताना आणि मळ्याच्या दुकानात उधारी करताना नावाऐवजी तोच चाले. घोड्यावर बसून देखरेख करणाऱ्या मुकादमाला तेथे ‘लुना’ म्हणत, आणि लुनांमध्ये गोरे व पोर्तुगीज अधिक असत.

एकाच कामाचे दामही वंशाप्रमाणे वेगळे होते. १९०९ साली ओआहू बेटावरच्या जपानी मजुरांनी संप केला, तेव्हाची त्यांची तक्रार साधी होती : त्यांना महिना १८ डॉलर मिळत, तर त्याच कामाचे पोर्तुगीज आणि पोर्तो रिकन मजुरांना साडेबावीस डॉलर. सुमारे सात हजार जपानी मजूर त्या संपात उतरले. मळेवाल्यांनी इतर समाजांचे मजूर जास्त रोज देऊन आणले आणि संप मोडला. ज्या व्यवस्थेत माणसांना परस्परांविरुद्ध वापरले जात होते, तिच्यात दुपारचा अर्धा तास सर्वांना सावलीत एकत्र बसवून आपोआप एक पाककृती तयार झाली, असे सांगणे म्हणजे त्या व्यवस्थेची बाजू नकळत घेणे आहे.

तरीही डब्यांची देवाणघेवाण झाली नाही असे म्हणता येणार नाही. मळ्यात काढलेल्या दिवसांच्या आठवणी सांगणाऱ्या अनेक वृद्धांनी तिचा उल्लेख केला आहे, आणि तोडणीच्या टोळीत निरनिराळ्या वस्त्यांची माणसे शेजारी शेजारी काम करीत असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. कोणी खारवलेला मासा दिला, कोणी किमची, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीचे लोणचे, दिली, कोणी अदोबोचा, म्हणजे व्हिनेगर-लसणात शिजवलेल्या मांसाचा, तुकडा दिला. याहून पक्की देवाणघेवाण मात्र दुसऱ्या पिढीत, शाळेत झाली असावी असा माझा तर्क आहे. मुले एका बाकावर बसत, एका मिश्र बोलीत बोलत, आणि घरी नसलेली चव मागून घ्यायला त्यांना मुकादमाची भीती नव्हती.

एकत्र जेवणाचा आणखी एक प्रसंग आहे, तो प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. १९२० च्या संपात जपानी आणि फिलिपिनो मजूर प्रथमच मोठ्या संख्येने एकाच वेळी उतरले, पण तो संपही मोडला, आणि इन्फ्लुएंझाच्या साथीच्या दिवसांत हजारो कुटुंबांना मळ्यावरच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. पुढे १९४६ साली गोदी कामगारांच्या ‘आय.एल.डब्ल्यू.यू.’ या संघटनेने सर्व समाजांच्या मजुरांना एका झेंड्याखाली आणले. चौतीसपैकी तेहतीस मळ्यांवर काम थांबले आणि संप ७९ दिवस चालला. एवढे दिवस हजारो घरांच्या चुली कशा पेटत्या ठेवायच्या, हा प्रश्न संघटनेने सामुदायिक स्वयंपाकघरे चालवून सोडवला. मासेमारीला जाणाऱ्यांचे गट केले, शिकारीला जाणाऱ्यांचे केले, भाजीपाला पिकवणाऱ्यांचे केले, आणि जमेल ते एका पातेल्यात शिजवून सर्वांना वाढले. हा संप मजुरांनी जिंकला. एकत्र जेवणाचे छायाचित्र कोणाला हवेच असेल, तर झाडाखालच्या डब्यांपेक्षा या पंगतीचे अधिक खरे ठरेल.

प्रश्न (परळ, मुंबई येथील एक वाचक) : टिपणात मजुरांच्या दोन पुडी डब्याचा उल्लेख होता. आमच्या गिरणगावातही डबे होते. या दोन डब्यांचा काही संबंध असू शकतो का?

उत्तर : तसा धागा जोडू नये. हवाईच्या मळ्यांवर ‘काउकाउ टिन’ नावाने ओळखला जाणारा धातूचा गोल डबा जपानी बेंतोच्या, म्हणजे बांधून न्यायच्या जेवणाच्या, सवयीला धरून आला. खालच्या पुडात भात आणि वरच्या उथळ पुडात तोंडी लावणे, एवढीच त्याची रचना.

दोन्ही डब्यांमधला फरक येथे अधिक उपयोगाचा आहे. मुंबईतला डबा सकाळी उशिरा घरातून निघतो आणि तिसरा माणूस तो जेवणाच्या वेळेला कोमट असतानाच पोचवतो. काउकाउ टिन मजूर स्वतः पहाटे भोंगा झाल्यावर घेऊन निघे आणि तो उघडेपर्यंत अन्न थंडगार झालेले असे. म्हणून त्यात थंड भाताबरोबर चांगले लागेल आणि उन्हात बिघडणार नाही असेच जिन्नस असत : उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेली आंबट जपानी फळे, खारवलेला सामन मासा, सुकी मासळी, मुळ्याचे लोणचे, शोयू (म्हणजे जपानी सोया सॉस) आणि साखरेत आटवलेले मांसाचे वा भाजीचे तुकडे. खारट-गोड चवीची जी ओढ आजच्या प्लेट लंचमध्ये दिसते, तिचे एक कारण या थंड डब्यात आहे. पुढे रस्सा, ग्रेव्ही, गरम तळण हे सारे जेवणाच्या गाडीमुळे शक्य झाले. सडेफटिंग मजुरांचे डबे वस्तीतल्या विवाहित बायका पैसे घेऊन भरून देत. त्यासाठी त्या पहाटेच्या कितीतरी आधी उठत आणि डबे भरून झाल्यावर स्वतःही मळ्यात कामाला जात. गिरणगावातल्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांची आठवण आपल्याला यावरून झाली, तर ती मात्र अस्थानी म्हणता येणार नाही.

प्रश्न (सावंतवाडी येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : या सगळ्यात मूळ हवाईयन लोकांचे अन्न कुठे गेले?

उत्तर : त्यांचे मुख्य अन्न अळूचा कंद, जो शिजवून, कुटून, पाणी घालून ‘पोई’ नावाचा आंबूस लगदा करीत. त्याच्या जोडीला मासे, रताळी, केळी, नारळ आणि समुद्री शेवाळ असे. अळूच्या खाचरांना वाहते थंड पाणी लागते, आणि उसालाही पाणीच लागते. माउई बेटावर १८७६ ते १८७८ या काळात हामाकुआचा कालवा खणून पूर्वेकडच्या पावसाळी डोंगरांतले ओढे मध्य माउईच्या कोरड्या मैदानाकडे वळवण्यात आले, आणि नंतर असे कालवे बेटोबेटी झाले. खाली राहणाऱ्यांच्या खाचरांत पाणी कमी पडू लागले. जमीन १८४८ पासूनच्या वाटपात हातची गेली होती, राज्य १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करून गेले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील झाली. राणीला हटवणाऱ्यांत साखरेशी हितसंबंध असलेले लोक होते, हे सांगितल्याशिवाय या जेवणाची हकीकत पुरी होत नाही.

प्लेट लंचमध्ये हवाईयन पदार्थ येतात, पण ते निवडीच्या यादीतले पाहुणे म्हणून. जमिनीत खणलेल्या भट्टीत शिजवलेले ‘कालुआ’ डुक्कर मिळते. ‘लाउलाउ’ मिळते, म्हणजे अळूच्या पानांत मांस आणि मासा गुंडाळून वाफवलेली पुरचुंडी. आपल्याकडची अळुवडी खाणाऱ्याला निदान त्या पानाची ओळख पटेल. ‘लोमी सामन’ हा कांदा-टोमॅटोचा थंड पदार्थही हवाईयन मेजवान्यांत हमखास असतो, पण त्यातला खारवलेला सामन मासा एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांनी आणलेला. तेथील लोक मूळ हवाईयन जेवण आणि सर्वांचे मिळून झालेले स्थानिक जेवण यांत स्पष्ट भेद करतात. आपणही तो करावा. प्लेट लंचला सरसकट ‘हवाईयन’ म्हटले की ज्यांची जमीन आणि पाणी गेले त्यांच्याच नावावर आपण हे ताट खपवतो.

प्रश्न (पुणे येथील एक वाचक) : भात असताना मॅकरोनी कशाला? आणि मुदी दोनच का?

उत्तर : मुदींचे कारण सरळ आहे. उपाहारगृहात भात आइस्क्रीमच्या गोल डावाने वाढतात. गर्दीच्या वेळी प्रत्येकाला सारखा भात पडतो आणि हात भरभर चालतो. कष्टकऱ्याला एक मूद पुरत नाही, म्हणून दोन.

मॅकरोनीच्या जन्माच्या हकीकती निरनिराळ्या सांगतात. मला त्यांतली पटते ती अशी, की मेयॉनेझमध्ये कालवलेले बटाट्याचे सॅलड गोऱ्यांच्या घरांतून आणि हॉटेलांतून आशियाई स्वयंपाक्यांच्या हाती आले, आणि बटाट्यापेक्षा स्वस्त व टिकाऊ म्हणून त्यात मॅकरोनी शिरली. आजही काही ठिकाणी दोन्ही एकत्र घालतात. चवीच्या दृष्टीने पाहिले तर हे सॅलड कोशिंबिरीचे काम करते : शोयूने खारट-गोड झालेल्या मांसाशेजारी काहीतरी थंड, सौम्य आणि किंचित आंबट लागते. मात्र कोशिंबिरीचा हलकेपणा त्यात औषधालाही नाही.

ताटातले मांस कोणते, यावर ताटाचे नाव बदलते. कोरियन पद्धतीच्या बरगड्या, जपानी कात्सू (ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेले मांस), फिलिपिनो अदोबो, चिनी पद्धतीचे भाजलेले डुकराचे मांस, अमेरिकी हॅम्बर्गरच्या टिक्कीवर तपकिरी ग्रेव्ही. दोन-तीन निवडी एकत्र घेतल्या की ते ‘मिक्स्ड प्लेट’. पोर्तुगीजांचे मसालेदार सॉसेज अधिक करून न्याहारीला अंडी-भाताबरोबर येते. एका बाबीकडे आपले लक्ष वेधतो : या ताटात पदार्थ शेजारी शेजारी बसतात, एकमेकांत शिजत नाहीत. बदल होतो तो प्रत्येक पदार्थात वेगवेगळा. शोयू-साखरेत मुरवून भाजलेल्या जपानी तेरियाकीत साखर वाढली आणि कधी अननसाचा रस आला. जपानी शोयूपेक्षा सौम्य आणि किंचित गोड असा ‘अलोहा शोयू’ १९४६ पासून तेथेच बनू लागला. अदोबोतही घरोघरी तोच पडू लागला. सर्वस्वी नवा म्हणावा असा पदार्थ या घराण्यात ‘लोको मोको’ : भातावर हॅम्बर्गरची टिक्की, त्यावर तळलेले अंडे आणि वरून ग्रेव्ही. तो १९४९ च्या सुमारास हिलो गावातल्या ‘लिंकन ग्रिल’ने पोरासोरांना स्वस्तात भरपेट खाता यावे म्हणून काढला, असे बहुतेक जण मानतात.

प्रश्न (रत्नागिरी येथील एक निवृत्त शिक्षक) : अशा मळ्यांवर मराठी माणसे गेली होती का? गेली असल्यास त्यांनी तेथे काय खाल्ले?

उत्तर : हवाईच्या मळ्यांवर नव्हे, पण मॉरिशसच्या उसात नक्कीच गेली, आणि त्यांतली बरीचशी आपल्याच बाजूची, म्हणजे रत्नागिरी, सावंतवाडी आणि आसपासच्या कोकणातली होती. १८३४ पासून सुमारे आठ दशकांत पोर्ट लुईच्या धक्क्यावर जवळजवळ साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे कराराने नेलेले भारतीय मजूर, उतरले. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसास्थळांत आहे. बहुसंख्य गिरमिटिये भोजपुरी भागातले होते. त्यांच्याबरोबर तमिळ, तेलुगू आणि मराठी होते. मराठी वंशजांनी गणेशोत्सव इतका टिकवला, की गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

तेथील दुपारच्या भुकेचे उत्तर म्हणजे ‘ढोल पुरी’. शिजवून वाटलेल्या डाळीचे सारण भरलेली ही पातळ पोळी नेहमी दोन-दोनच्या जोडीने विकतात. आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा ‘रुगाय’ आणि चटणी घालून गुंडाळून देतात. पोळी भोजपुरी आणि रुगाय क्रिओल आहे. पुरणपोळीतला गूळ काढून तिखटामिठाची केली तर जवळपास पोचता येईल, पण ती मराठी बायकांनी तेथे नेली असे म्हणायला आधार नाही आणि आपण तसे म्हणूही नये. हवाईच्या ताटलीशी याहून अधिक मिळताजुळता पदार्थ तेथील चिनी समाजाचा आहे : वाडग्यात तळाशी तळलेले अंडे, त्यावर परतलेल्या भाज्या आणि मांस, त्यावर भात भरून सगळे ताटात उपडे करतात.

प्रश्न (सांगली येथील एक वाचिका) : माझ्या यजमानांना मधुमेह आहे. हे जेवण त्यांना चालेल का?

उत्तर : नेहमीच्या रूपात चालणार नाही. भात आणि मॅकरोनी मिळून पिष्टाचे प्रमाण फार होते आणि शोयूच्या पाकात साखरही असते. दिवसभर ऊस तोडणाऱ्यासाठी बेतलेले हे जेवण खुर्चीत बसून काम करणाऱ्याला जड जाते, हे हवाईतही ध्यानात आले आहे. वाइआने भागातील हवाईयन लोकांना २१ दिवस अळू, रताळी, भाज्या आणि मासे असा पूर्वीचा आहार पोटभर दिल्यावर त्यांचे वजन सरासरी सुमारे आठ किलोने उतरल्याचा अहवाल १९९१ साली प्रसिद्ध झाला होता. हल्ली तेथे एक मूद कमी करून किंवा मॅकरोनीऐवजी हिरवी पाने मागून घेता येतात. आपल्या यजमानांबाबत त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न (नाशिक येथील एक वाचिका) : घरी करून पाहायचे आहे. तांदूळ कोणता घ्यावा आणि घरात दोघे शाकाहारी असल्यामुळे त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर : हवाईत मध्यम लांबीचा, शिजल्यावर परस्परांना धरून राहणारा तांदूळ वापरतात. बासमती येथे अगदीच निरुपयोगी. मावळातला इंद्रायणी या कामाला उत्तम. त्याचा सुवास थोडा वेगळा पडेल, पण मूद सुबक होईल. तांदूळ स्वच्छ धुवावा, त्यात मीठ किंवा तेल घालू नये आणि पाणी एरवीपेक्षा किंचित कमी ठेवावे.

सॅलड आदल्या रात्री करावे. पाव किलो मॅकरोनी पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा चार-पाच मिनिटे अधिक, म्हणजे चांगली मऊ होईपर्यंत उकडावी. निथळल्यावर गरम असतानाच तिच्यावर दोन मोठे चमचे व्हिनेगर घालावे, किसलेले एक गाजर आणि चमचाभर किसलेला कांदा मिसळावा. एक वाटी मेयॉनेझ पाव वाटी दुधात सैल करून त्यातले निम्मे मॅकरोनी कोमट झाल्यावर आणि निम्मे ती पूर्ण गार झाल्यावर घालावे. मीठ व मिरपूड घालून फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळपर्यंत मॅकरोनी बरेचसे मेयॉनेझ पिऊन टाकते. कोरडी वाटल्यास थोडे आणखी घालावे. शाकाहारींसाठी बिनअंड्याचे मेयॉनेझ घेतले तरी काही अडत नाही.

मांसाहारींसाठी शोयू चिकन सर्वांत सोपे. एक किलो कोंबडीच्या तंगड्यांना एक वाटी सोया सॉस, एक वाटी पाणी, पाऊण वाटी ब्राउन शुगर, ठेचलेले आले आणि लसूण घालून मंद आचेवर सुमारे चाळीस मिनिटे शिजवावे. आपल्या बाजारातला ‘डार्क’ सोया सॉस वापरल्यास रस्सा काळा आणि कडवट होतो, म्हणून फिकट घ्यावा. ब्राउन शुगर नसल्यास गूळ चालतो. मीठ निराळे घालू नये.

शाकाहारींसाठी टोफूचे कात्सू करावे. टोफू फडक्यात गुंडाळून वजनाखाली अर्धा तास ठेवावा, त्याचे जाडसर काप करून मीठ-मिरी लावावी, मैद्याच्या सरबरीत पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवावेत आणि तळावेत. बरोबरचा सॉस टोमॅटो केचप, थोडा सोया सॉस आणि साखर एकत्र करून होतो. अनेक पाककृतींत त्यात वूस्टरशायर सॉस सांगितलेला असतो, पण त्याच्या मूळ प्रकारात अँकोव्ही मासा असतो. शाकाहारींच्या वाटणीच्या सॉसमध्ये तो घालू नये, किंवा बाटलीवरचे जिन्नस वाचून मगच घालावा. आइस्क्रीमचा डाव घरात नसेल तर लहान वाटी पाण्याने ओली करून तिने मुदी पाडाव्यात, आणि सॅलड भाताला टेकू न देता ताटात निराळे वाढावे, नाहीतर गरम भाताने मेयॉनेझ पातळ होते.